आमचा मातीचा हॉल आणि आप्पा

मी नोकरी काय करते हे सांगितलं की माणसं आधी विचारायची, "म्हणजे नक्की काय?" आणि नीट समजावून सांगितल्यावर म्हणायची, "एवढंच?"

सांगलीच्या बाहेर, उसाच्या रानांना लागून, एक परिषद आणि प्रदर्शन केंद्र आहे. तिथं मी व्यवस्थापक होते. रिकामी जागा भाड्यानं द्यायची आणि काम झालं की पुन्हा रिकामी करून घ्यायची, हा आमचा धंदा. ऐकायला सोपं वाटतं. पण हळदीच्या व्यापाऱ्यांचा मेळावा उरकला की फरशी, खुर्च्या, पडदे आणि झाडणाऱ्या बायका सगळं पिवळंधमक व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच दातांच्या डॉक्टरांची परिषद असायची. एकदा एका बाजूला हृदयरोगतज्ज्ञांचं व्याख्यान आणि मधल्या पत्र्याच्या पलीकडं जातिवंत कोंबड्यांचं प्रदर्शन, असं एकाच वेळी आलं होतं. वक्ते पडद्यावर आलेख दाखवून म्हणाले, "इथं रुग्णाचं हृदय थांबतं," आणि पलीकडून कोंबडा आरवला. श्रोते हसून हसून बेजार झाले. वक्ते मात्र मला शोधत आले आणि हसत नव्हते.

सणासुदीला आम्हाला सुट्टी नसायची, कारण प्रदर्शनं नेमकी तेव्हाच लागतात. किती दिवाळ्या मी दुसऱ्यांच्या फराळाच्या स्टॉलवर काढल्या, त्याची खंत आजही वाटते. पण हॉल भरून वाहायला लागला की अंगावर मूठभर मांस चढायचं, हेही खरं.

जुना हॉल म्हणजे मोठं गोदामच होतं. पत्र्याचं छप्पर, खिडक्या नावाला, आणि थंडाव्याला ओळीनं लावलेले एसी. ते चालू झाले की हॉल गुरगुरायचा. वीज गेली की भट्टी व्हायची. जनरेटरवर दिवे आणि पंखे चालायचे, एसी नाही. उन्हाळ्यात माझं अर्धं आयुष्य "आत्ता येईल हं वीज" हे सांगण्यात गेलं.

म्हणून केंद्र वाढवायचं ठरलं तेव्हा मला आनंद झाला, आणि नकाशा बघितल्यावर धडकी भरली. आर्किटेक्ट सांगलीचीच, माझ्या मुलीच्या वयाची, मुग्धा नावाची. तिनं नवे हॉल मातीचे काढले होते. पायासाठी जी माती खणायची, तीच चाळून, थोडं सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून तिच्या विटा पाडायच्या. भट्टी नाही, नुसत्या सावलीत वाळवायच्या. भिंती हातभर जाड. छपरं दोन, एकावर एक, मधून वारा खेळेल अशी. भिंतीच्या अगदी वर जाळ्या, तापलेली हवा तिथून बाहेर पडायला. चारी बाजूंनी दारं आणि ओसरी. पावसाचं पाणी खालच्या टाकीत, विजेला वर सौर पट्ट्या. कृष्णेचा पूर कुठवर येतो ते आम्हा सांगलीकरांना वेगळं सांगावं लागत नाही, त्यामुळे जोतं चांगलं उंच. मधे कडुनिंब आले तर तिनं झाडं तशीच ठेवली आणि भिंत वळवली. एक निंब मात्र पार्किंगच्या वाटेत गेलाच. तो पाडला त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि एसी नाहीत.

"मुग्धा, मी हा हॉल विकू कसा?" मी विचारलं.

"मॅडम, आत बसवून दाखवा लोकांना."

संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब बागायतदार माणूस. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आमच्या आज्यानं मातीच्या घरातनं बाहेर पडायला जन्म घालवला. आन् आपण परत आत चाललोय व्हय?" पण त्यांनी एक हॉल बांधू दिला. अट घातली. वर्षभरात हॉल चालला तर पुढचे दोन त्याच पद्धतीनं बांधायचे. नाही चालला तर वरच्या जाळ्या पत्र्यानं बुजवायच्या, एसी बसवायचे आणि बाकीचं गोदामासारखं उभारून मोकळं व्हायचं.

हॉल उभा राहिला. सुंदर दिसत होता. काव आणि गूळ मिसळल्यासारखा भिंतींचा रंग. आत गेलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागायचं. पण गिऱ्हाईक येईना. ट्रॅक्टरवाल्यांनी उद्घाटनाचं प्रदर्शन ठरवलं होतं, एसी नाहीत कळल्यावर ते जुन्या हॉलमध्येच गेले. लग्नवाले म्हणाले, "फोटोत भिंती मातीच्या दिसतील." आमचा वायरमन दादू, कुठलंही दुःख थट्टेत काढणारा, तो रोज सकाळी हॉल उघडून म्हणायचा, "बाई, आज बी हाउसफुल. चिमण्यांनी."

उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हा फलटणहून प्रमिलाताई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. साठी ओलांडलेल्या एकट्या माणसांसाठी त्या परिचय मेळावे भरवायच्या. विधवा, विधुर, लग्नाचे राहून गेलेले, सगळे. कुणाला लग्न करायचं असतं, कुणाला नुसती सोबत, कुणाला फक्त एक दिवस नवी माणसं बघायची असतात. आधीचे मेळावे त्यांनी मंगल कार्यालयांत घेतले होते.

मी सवयीनं त्यांना आधी जुना हॉल दाखवला. एसी लावले. त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणालात?" मी ओरडून विचारलं.

"तेच म्हणतेय!" त्यांनीही ओरडून सांगितलं. "माझ्या निम्म्या लोकांना कमी ऐकू येतं. इथं सगळ्यांना मोठ्यानं बोलावं लागेल. आणि अहो, ही बोलणी मोठ्यानं करायची नसतात!"

मी त्यांना मातीच्या हॉलमध्ये नेलं. त्या एका टोकाला बसल्या आणि मला दुसऱ्या टोकाला बसवून, साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं नाव काय?"

"वैजयंती."

"छान नाव आहे," त्या म्हणाल्या. "हाच हॉल द्या."

खुर्च्यांच्या बाबतीत त्या फार काटेकोर. रांगा नकोत. दोन खुर्च्या समोरासमोरही नकोत. "समोरासमोर बसलं की मुलाखत वाटते. जरा तिरक्या मांडा. बघायचं असेल तेव्हा बघता आलं पाहिजे आणि नसेल तेव्हा झाडाकडं बघता आलं पाहिजे." इतक्या वर्षांत मला खुर्च्या मांडण्याबद्दल एवढं शहाणपणाचं कुणी सांगितलं नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळपासून ऊन कडक. माणसं येऊ लागली. कुणाला भाचा सोडून जात होता, कुणी कराडहून, इस्लामपूरहून एकट्यानं आलेलं. एक आजोबा गेटपासून परत फिरले, पुन्हा आले, पुन्हा फिरले. दादूनं शेवटी त्यांना चहाचं निमित्त करून आत आणलं. नावनोंदणीच्या टेबलावर एक मुलगी बसली होती, तिला मदत म्हणून मी शेजारी उभी होते. ती येणाऱ्याचं नाव कागदी बिल्ल्यावर लिहायची, मी पिन लावून द्यायची.

मान खाली घालून पिनांची डबी उघडत होते तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. "लिवा. यशवंत रामचंद्र."

मी वर बघितलं. माझे वडील होते.

आप्पा सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर साताऱ्याला घर बांधून तिथंच राहिले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा धाकटा भाऊ सुधीर शिरवळला कारखान्यात, मी सांगलीला. आम्ही दोघंही "आमच्याकडं या" म्हणायचो आणि आप्पा दोघांनाही "बघू" म्हणायचे.

"आप्पा, तुम्ही? फोन तरी करायचा. जेवलात का?"

"जेवान हितंच हाय म्हनं."

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "आप्पा, आज इथं कसला मेळावा आहे..."

"ठावं हाय मला कसला हाय." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "वैजू, दुसरीकडं बी एक मेळावा हुता म्हैन्याभरापूर्वी. न्हाई गेलो. तितं गेलो आस्तो तर चोरून गेल्यावानी झालं आसतं. ह्यो तुज्या हॉलात हाय. म्हनून आलो."

पाठीमागं माणसं थांबली होती. टेबलावरच्या मुलीनं बिल्ला माझ्या हातात दिला. तो त्यांच्या शर्टाला लावणं माझंच काम होतं. शर्ट कडक इस्त्रीचा होता, ते स्वतःच करायचे इस्त्री, फौजेतल्यासारखी. खिशाच्या वर जागा बघून मी पिन लावली. त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास आला. लहानपणी सुट्टीवर आले की मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकायची तेव्हा यायचा तोच.

"टोचली का?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले आणि आत गेले.

मग मी काय केलं, तर काम केलं. पाण्याचे माठ बघितले, स्वयंपाकघरात जाऊन भात मऊ शिजवायला सांगितला, ओसरीवरच्या चपला सरळ केल्या. हॉलकडं पाठ करून जेवढी कामं करता येतील तेवढी केली. दादूनं ओळखलं.

"बाई, तुमचं वडील का ते?"

"हो."

तो हातातली वायर गुंडाळायला लागला. "आमच्या आईला बी पाठवावं म्हनतोय म्या. पर ती चपलीनं मारंल मला." मग हळूच म्हणाला, "लय धाडसाचं काम हाय बगा ते, बाई. त्येंनी केलं."

दुपारी जेवणाआधी वीज गेली. मला कळलंसुद्धा नाही. दादू जुन्या हॉलकडून पळत आला. तिथं साड्यांचा सेल लागला होता आणि आत जिवाची काहिली होऊन बायका भराभर बाहेर पडत होत्या. तो मातीच्या हॉलच्या दारात थांबला, माफी मागायच्या तयारीनं. आत बघितलं तर कुणाची मान वर झालेली नाही. वरच्या जाळ्यांतून उजेड येत होता, निंबाकडून वारा येत होता, आणि सगळ्या हॉलभर हळू आवाजातली बोलणी चालली होती. साड्यांना आलेल्या बायका ओसरीवर येऊन टेकल्या. त्यातली एक दारातून डोकावून म्हणाली, "आगं बया, हितं गार हाय की!" त्या सेलच्या उद्घाटनाला आलेले आण्णासाहेबही घाम पुसत त्यांच्या मागून आले आणि ओसरीच्या कट्ट्यावर बसले. बराच वेळ बसले.

तेव्हा मी पहिल्यांदा आत नीट बघितलं. आप्पा दाराजवळच्या दोन तिरक्या खुर्च्यांपैकी एकीवर होते. शेजारी पिकल्या केसांची, किडकिडीत बाई बसली होती. नंतर आप्पांनीच मला ते संभाषण सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

त्या सुलोचनाबाई. कोयनानगरच्या वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा तरुणपणीच गेला होता, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर कराडला एका खोलीत राहायच्या. आत आल्या, सगळ्या चांगल्या जागा सोडून दाराजवळ बसल्या. आप्पांनी विचारलं, "हितं का बसलाय? पंगतीला लांब पडंल."

त्या म्हणाल्या, "मी कुठंही गेले की आधी दार कुठंय ते बघते. मग बसते. कोयनेची सवय. रात्री-अपरात्री जमीन हलायची आमच्याकडं."

आप्पा म्हणाले, "माजं बी तसंच. मी गाडी लावतानाच निघायच्या तोंडानं लावतो."

त्या हसल्या. एवढंच झालं. मग म्हणे दोघंही बराच वेळ झाडाकडं बघत बसले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आप्पा ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. बिल्ला अजून शर्टालाच होता.

"एक बाई भेटल्या," ते म्हणाले.

"बघितलं मी."

"बोलल्या कमीच. पर बरं वाटलं." मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "तुला राग आला?"

राग नव्हता आला. पण काही झालंच नाही असंही म्हणवत नव्हतं. "आईची आठवण आली," मी म्हणाले.

"मला बी आली. ती काय कुठं जायाची न्हाई, वैजू." त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "आगं, सकाळी दूधवाला येतो. त्येच्यासंगं बोलतो. मग दुसऱ्या दिवशी पुन्ना दूधवाला येतो, तवा बोलतो. मधी आवाज म्हनून निगत न्हाई तोंडातनं. कवा कवा मोठ्यानं पेपर वाचतो, आपलाच आवाज ऐकायला."

मी त्यांचा हात धरला.

पुढचे काही महिने आप्पा आणि सुलोचनाबाई फोनवर बोलायचे. मग एकदा मी कराडला जाऊन त्यांना भेटले. त्यांनी पोहे केले, आणि मी निघताना म्हणाल्या, "तुमच्या आईंचा फोटो घरात असेल ना? तो हलवायचा नाही हं. मी येणार असेन तर तो असू देत म्हणून येईन." मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते ठरवून केलं नव्हतं, झालं.

दोघांनी लग्न करायचं ठरवलं, पण सुधीरला ते सांगणं अवघड गेलं. आप्पांनी त्याला साताऱ्याला बोलावलं, मलाही. तो ऐकत राहिला आणि मग एकदम म्हणाला, "आप्पा, आम्ही तुम्हाला काय कमी केलं?"

"कायबी न्हाई. म्हनून तर सांगतोय. कमी केलं आसतं तर भांडलो आसतो."

"आणि लोक? कंपनीतले अर्धे लोक आपल्या गावचे आहेत. त्यांना काय सांगू मी? बापाचं लग्न आहे, या म्हणू?"

"बोलवू नगंस. तू ये."

सुधीर उठला, चपला घातल्या आणि गेला. तो वाईट नव्हता. आई गेली तेव्हा तो कॉलेजात होता आणि शेवटचे दिवस त्यानंच काढले होते तिच्या उशाशी. त्याला वाटलं असेल, आपण जिथं बसलो होतो त्या जागेवर आता कुणीतरी परकं येऊन बसणार. मी त्याला तेव्हा काही समजावलं नाही. समजावण्यासारखं नसतंच ते.

प्रमिलाताईंची इच्छा होती की लग्न मातीच्या हॉलमध्येच व्हावं. आप्पा म्हणाले, "ती लेकीची नोकरीची जागा हाय." साताऱ्यात घरच्या घरी, दोन-चार माणसांत लग्न झालं. दादू आला होता आणि त्यानं बिनबोलावता सगळ्या घराची वायरिंग तपासून दिली. सुधीर आला नाही. आप्पा दिवसभर आनंदात होते, पण गेट वाजलं की मान वळवायचे.

इकडं हॉलचं नशीब उघडलं. ओसरीवर बसून गेलेल्या बायकांनी आपापल्या बचतगटांत सांगितलं असावं, कारण पहिलं बुकिंग बचतगटांचंच आलं. मग श्रवणयंत्र-वाटपाचं शिबिर, मग एक गाण्याची मैफल, मग द्राक्ष बागायतदारांची परिषद. गवयी म्हणाले, भिंती सूर पितात आणि परतही देतात. मला गाण्यातलं कळत नाही, पण ते मी पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. वर्ष संपायच्या आत आण्णासाहेबांनी मुग्धाला बोलावून घेतलं. "पोरी, पुढचं दोन बी तसंच बांद. फकस्त कट्टा जरा रुंद कर. मला मांडी घालून बसता येत न्हाई त्येच्यावर." जाळ्या बुजवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्या पाडलेल्या निंबाच्या लिंबोळ्यांपासून मुग्धानं रोपं केली होती, ती तिनं पार्किंगच्या कडेला लावली.

सुधीर मात्र आप्पांशी बोलत नव्हता. माझ्याशी बोलायचा, पण साताऱ्याचं नाव निघालं की "ठीक आहे ना सगळं?" एवढंच विचारायचा आणि उत्तराआधी विषय बदलायचा.

माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. दुसरा हॉल पुरा झाला होता, तिसऱ्याच्या भिंती खिडक्यांच्या उंचीला आल्या होत्या. आमच्याकडं मोठं शेती प्रदर्शन चालू होतं, मला जागचं हलता येत नव्हतं. त्यात आप्पांचा फोन. सुलोचनाबाईंना डेंग्यू झाला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. आप्पांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका लहान झाला होता. मी सुधीरला फोन केला. विनवणी केली नाही. "आप्पा दवाखान्यात एकटे बसलेत. शिरवळहून सातारा जवळ आहे," एवढंच म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला.

तो गेला. ते मला दुसऱ्या दिवशी आप्पांकडून कळलं. आला, डॉक्टरांशी बोलला, औषधं आणली, आप्पांना बळंच घरी पाठवून स्वतः तिथं बसला. सुलोचनाबाईंशी काही बोलला का, विचारलं तर आप्पा म्हणाले, "न्हाई. ती बी न्हाई बोलली. सलाईन बारीक-मोठी कर म्हनून खुणा करत हुती त्येला. नर्स हाय ना."

ताप उतरला, त्यांना घरी आणलं. त्या दिवशी मी तिसऱ्या हॉलच्या कामावर होते. मुग्धा दाराची चौकट ओळंब्यात आहे का बघत होती. सुधीरचा फोन आला.

"ताई, एक विचारायचं होतं."

"बोल."

"चहा करतोय. आलं घातलं तर चालतं का गं?"

"कुणाला?"

मागं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आप्पांना आल्याचा चहा लागतो हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तो त्यांच्याबद्दल विचारत नव्हता.

"यांना," तो म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "काय म्हणू गं मी यांना?"

"त्यांनाच विचार की. शेजारच्या खोलीत आहेत ना?"

त्यानं फोन बंद केला नाही. तो तसाच हातात धरून चालत गेला असावा, कारण मला त्याची पावलं ऐकू आली, मग दाराची कडी, मग त्याचा आवाज, जरा लांबून. प्रश्न मला नीट ऐकू आला नाही. सुलोचनाबाईंचं उत्तर ऐकू आलं. आजारानं थकलेला पण स्वच्छ आवाज.

"तुम्हाला जे जमेल ते, बाळ. आणि आलं घाला. भरपूर घाला."